शंभर रुपयांच्या दगडांतले साडेचार रुपये
(एटापल्ली तालुक्यांतील एका गांवीं, ग्रामसभेपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



हल्लीं आपल्या गांवांत जगाच्या गोष्टींना तोटा नाहीं. पूर्वीं चावडीवर एक वर्तमानपत्र येई व एकजण वाचून दाखवी. आतां हातोहातीं मोबाईल आहे. चीन काय करतो, अमेरिका कोणावर जकात बसवते, आपला देश महासत्ता केव्हां होणार, हें पोरेंसोरेंदेखील सांगतात. परंतु आपल्याच डोंगरांतून गेल्या वर्षीं किती दगड गेला व त्यापायीं जिल्ह्याला किती पैसा आला, हें विचारावें तर सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. जगाचा हिशेब तोंडपाठ आणि घरची वही कोरी, अशी ज्याची गत झाली त्याला लुबाडण्यास फार अक्कल लागत नाहीं.

हें लोखंड कोणी काल शोधलें असें समजूं नका. या मुलखांतले लोहार पिढ्यान् पिढ्या दगड वितळवून फाळ, विळे व कुऱ्हाडी करीत होते. विलायती लोखंड स्वस्त येऊं लागलें, जंगलांतल्या लांकडावर निर्बंध आले, आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. पुढें 1882 सालीं फॉन श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन तज्ज्ञानें चांदा जिल्ह्यांतील लोखंडावर अहवाल लिहिला. तो वाचून जमशेटजी टाटांच्या मनांत येथें कारखाना काढावयाचें आलें. पण वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाहीं, सरकारच्या अटीही जाचक होत्या. तो कारखाना शेवटीं साकचीस निघाला. त्यालाच पुढें जमशेदपूर म्हणूं लागले. यांतून घ्यावयाचें तें एवढेंच, कीं दगड आपल्या डोंगरांतला, पण तो केव्हां निघावा, कोणीं काढावा व काय भावानें विकावा, हें दरवेळीं दुसरीकडे ठरलें.

आजही तेंच आहे. सुरजागडच्या डोंगरावरील 348 हेक्टरांचा खाणपट्टा 2007 सालीं लॉईड्स मेटल्स कंपनीला मिळाला. काम जोरांत आलें तें 2021 पासून. वर्षाला 30 लाख टन काढण्याची परवानगी 2023 सालीं 1 कोटी टनांवर गेली. 2025 च्या आरंभीं कोनसरीच्या कारखान्याचें उद्घाटन झालें. पुढारी म्हणतात, गडचिरोली पोलादाची राजधानी होणार. होवो, आम्ही कां नको म्हणावें? परंतु पोलादाचा भाव कांहीं गडचिरोलींत ठरत नाहीं. जगांतलें निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन करतो. अमेरिकेनें 2025 च्या मार्चांत परदेशी पोलादावर शेंकडा 25 जकात बसवली व जूनांत ती 50 केली. युरोपनें 1 जानेवारी 2026 पासून, पोलाद करतांना जो धूर सुटतो त्याच्या हिशेबानें निराळा आकार लावला. या थोरामोठ्यांच्या भांडणांत भाव चढला तर देशाची प्रगती झाली म्हणून ढोल वाजतील. पडला तर अमेरिकेनें केलें म्हणून आपल्याला गप्प बसवतील. आपल्या वाटणीचा आकडा मात्र दोन्ही वेळां कोणी बोलणार नाहीं.

यंत्रांचीही तीच तऱ्हा. हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारें 85 किलोमीटर नळ घातला आहे. दगडाचा भुगा पाण्यांत कालवून त्यांतून जातो. मालमोटारी कमी झाल्या तर धूळ व अपघात कमी होतील, हें चांगलेंच. पण कर्ज काढून मालमोटार घेणाऱ्या पोरानें उद्यां काय करावें, हें नळ घालणारानें सांगितलें काय? नवें यंत्र आलें कीं हात जोडूं नये व धोंडाही मारूं नये. कोणाचें काम गेलें, कोणाला मिळालें, हें वहींत मांडावें.

आतां तो आकडा. चौथींतल्या मुलाला सुटेल असें गणित आहे. सरकारनें ठरविलेल्या भावानें शंभर रुपयांचा लोहदगड निघाला, तर शेंकडा 15 प्रमाणें 15 रुपये स्वामित्वधन राज्याच्या तिजोरींत जातें. शिवाय 12 जानेवारी 2015 पूर्वीं दिलेल्या खाणपट्ट्यावर त्या स्वामित्वधनाच्या शेंकडा 30, म्हणजे साडेचार रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत भरावे लागतात. हे साडेचार रुपये खाणीनें बाधलेल्या माणसांचे आहेत. पिण्याचें पाणी, दवाखाना, शाळा, यांना त्यांत पहिला मान आहे. पेसाच्या गांवांत तर या पैशाच्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते, व आर्थिक वर्ष संपल्यावर झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढें ठेवावा लागतो. सांगा पाहूं, असा अहवाल आपल्यापैकीं कितीजणांनीं ऐकला आहे?

कोणी म्हणेल, मास्तर, हिशेब विचारणें आमच्या मुलखांत सोपें नव्हतें. खरें आहे. ज्यानें तोंड उघडलें त्याला एका बाजूनें नक्षली म्हणावें, दुसऱ्या बाजूनें खबऱ्या, आणि जीव जावा गरिबाचा. परंतु 15 ऑक्टोबर 2025 रोजीं भूपती आपल्या साठ साथीदारांसह शस्त्रें ठेवून शरण आला. बंदुकीचा जोर ओसरला, तर तिची सबबही संपली पाहिजे. यापुढें हिशेब विचारणाऱ्याला कोणी नक्षली म्हणाला, तर त्याची स्वतःची वही काळी आहे असें खुशाल समजा.

कोणी म्हणेल, आम्ही अडाणी. मग धानोरा तालुक्यांतल्या मेंढा गांवाकडे पाहा. तेथल्या लोकांनीं अभ्यासगट करून कायदा वाचला. 2009 सालीं सुमारें 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, आणि 2011 च्या एप्रिलांत बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातीं घेतला. वर्षानुवर्षें या जिल्ह्यांचा बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला जात होता, भाव दुसरे ठरवीत होते. मेंढ्यानें स्वतः विकला व पैशाची नोंद ठेवली. तीं माणसें आपल्यासारखींच धान पेरणारीं, मोह वेंचणारीं आहेत.

म्हणून आज तीन प्रश्न ठरावांत लिहा. गेल्या वर्षीं प्रतिष्ठानांत किती रुपये आले? त्यांतले खाणबाधित गांवांत किती लागले? आपल्या गांवचें कोणतें काम, कोणाच्या मंजुरीनें झालें? ठरावावर बायांनीही सह्या कराव्या, कारण दूषित पाण्याची घागर त्यांच्याच डोक्यावर असते. ठरावाची पोंच घ्या व ती जपून ठेवा. उत्तर न आलें तर पुढच्या सभेंत पुन्हां तेच तीन प्रश्न लिहा. अमेरिकेची जकात आपल्या हातीं नाहीं. साडेचार रुपयांचा हिशेब मागणें आहे.