खानबालिकचा पहिला आर्चबिशप

मोन्तेकोर्विनोचा जॉन हा दक्षिण इटलीत १२४७ साली जन्मलेला फ्रान्सिस्कन, म्हणजे अपरिग्रहाचे व्रत घेऊन भिक्षेवर राहणाऱ्या संघाचा साधू, पोपची पत्रे घेऊन १२९१ मध्ये इराणातील तब्रीजहून निघाला आणि वाटेत भारतातील मैलापूर परिसरात १३ महिने राहून, तेथेच आपला सोबती निकोलस याचे दफन करून, १२९४ च्या सुमारास मंगोलांच्या राजधानीत, खानबालिकमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये पोहोचला. कुब्लाई खानाचा नातू तैमूर त्या वेळी गादीवर होता. त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, परंतु जॉनला राजधानीत राहू दिले.

खरा विरोध झाला तो तेथे आधीपासून असलेल्या नेस्टोरियनांकडून, म्हणजे रोमची सत्ता न मानणाऱ्या पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाकडून. त्यांनी त्याला हेर ठरवले, त्याच्यावर खुनाचाही आळ घेतला. अशा स्थितीत, जवळ एकही सहकारी पाद्री नसताना, त्याने १२९९ पर्यंत तीन घंटांच्या मनोऱ्यासह चर्च बांधले, ७ ते ११ वर्षांची ४० मुले विकत घेऊन त्यांना लॅटिन व ग्रीक शिकवले, आणि तातार, म्हणजे मंगोलांमध्ये चालणारी, भाषा व लिपी आत्मसात करून नवा करार आणि स्तोत्रसंहिता यांचे भाषांतर केले. परक्या धर्मप्रसारकाला आधी विद्यार्थी व्हावे लागते, हे त्याने ज्या चिकाटीने ओळखले, ती त्याच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट मानली पाहिजे.

त्याची पत्रे टोलेंटिनोच्या थॉमस या फ्रान्सिस्कनाने युरोपात पोहोचवली, आणि १३०७ मध्ये पोप पाचव्या क्लेमेंटने जॉनला आर्चबिशप नेमून सात बिशप रवाना केले, त्यांपैकी तिघेच पोहोचले. हाच थॉमस पुढे पुन्हा पूर्वेकडे येताना १३२१ मध्ये तीन सोबत्यांसह महाराष्ट्रातील ठाण्यात मारला गेला. सोपाऱ्यात पुरलेल्या त्यांच्या अस्थी ओदोरिक या फ्रान्सिस्कनाने चीनच्या च्वानचौ बंदरापर्यंत नेल्या.

जॉन १३२८ च्या सुमारास वारला. त्याचे कार्य मंगोल सत्तेच्या आश्रयावर विसंबून राहिले, चिनी बहुजनांत ते रुजले नाही, आणि १३६८ मध्ये मिंग घराण्याने मंगोलांना हुसकावून लावल्यावर ते लयास गेले. त्याचे भाषांतर आज उपलब्ध नाही; त्याच्या चीनमधील आयुष्याविषयी जे निश्चित सांगता येते, ते मुख्यतः १३०५ व १३०६ मधील त्याच्या दोन पत्रांवरूनच.