बाळाची वाटी आणि फ्रीजमधला डबा

(महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२५ वर्षांपूर्वी ज्यांना कडेवर घेऊन आपण इथे राहायला आलो, ती मुलं आता स्वतः आईबाप होऊ लागली आहेत. म्हणून आज बाळाच्या भाजीच्या मऊ पेस्टबद्दल बोलते. नव्या मुली तिला प्युरी म्हणतात.

सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग दुधाबरोबर वरचं अन्न, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच जातात. म्हणजे वाटी-चमचा सुरू व्हायची वेळ आणि आईचं ऑफिस सुरू व्हायची वेळ जवळजवळ एकच! रात्री आई शिजवते, दुपारी आजी किंवा सांभाळणाऱ्या मावशी भरवतात. काळजी घ्यायची ती इथे.

आधी कृती. लाल भोपळा, गाजर, रताळं, दुधी, काहीही घ्या. धुऊन, सोलून, फोडी करून कुकरच्या भांड्यात अगदी थोडं पाणी घालून मऊ शिजवा. भांड्यात उरलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यातच भाजी घोटा. मीठ, साखर, गूळ नको. वर्षाच्या आत मध तर चाटवायलाही नको. नवी भाजी एका वेळी एकच, दोन-तीन दिवस द्यायची, म्हणजे काही सोसलं नाही तर कळतं.

पेस्ट चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी दाट हवी. बाळाचं पोट चिमुकलं, ते वरणाच्या पाण्यानं भरलं तर अन्नाला जागा कुठे उरणार? आणि नुसत्या भाजीवरही भागत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा कमी होत जातो. म्हणून भाजीत घोटलेली मूगडाळ किंवा नाचणीची खीर मिसळा. चालत असेल त्यांनी नीट उकडलेलं अंडं कुस्करून घाला. वर थोडं तूप. आठव्या महिन्यापासून मिक्सर बाजूला ठेवून काट्यानं कुस्करा, बाळाला चावायची सवय लागते.

आता साठवण. शिजलेलं भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये टाका. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. फ्रीजमध्ये दोन दिवस, त्याहून जास्त नाही. पुढची तरतूद करायची तर बर्फाच्या स्वच्छ ट्रेमध्ये भरून फ्रीझरमध्ये गोठवा आणि ते तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात काढून महिन्याभरात संपवा. पालक आणि बीट मात्र साठवू नका. त्यांच्यात नायट्रेट जास्त असतं आणि ठेवल्यावर ते बाळाला अपायकारक रूप घेऊ शकतं. करायचं आणि लगेच भरवायचं.

गोठलेला तुकडा ओट्यावर ठेवून वितळवू नका, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. वाफ येईपर्यंत गरम करा, कोमट झाल्यावर मनगटावर थेंब टाकून बघा. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. लागेल तेवढंच वाटीत काढा, कारण बाळाच्या तोंडात गेलेला चमचा वाटीत बुडाला की ते उरलेलं परत डब्यात जात नाही. अन्न टाकायला जीव होत नाही, मलाही होत नाही. तेवढे दोन घास आजीनं तिथंच खावेत, बाळासाठी संध्याकाळपर्यंत ठेवू नयेत. वीज चार तासांहून जास्त गेली, तर फ्रीजमधली पेस्ट बाळाला देऊ नका.

आमच्या वयाच्या बायका विचारतात, "आम्ही कुठे डब्यांवर तारखा लिहिल्या होत्या? पोरं वाढलीच ना!" वाढली. पण तेव्हा शिजवणारा आणि भरवणारा हात एकच होता. काय कधी केलंय, हे त्या हाताला ठाऊक असायचं. आता दुसऱ्या हाताला ते कुणीतरी सांगायला हवं. दुपारी दीड वाजता आई मीटिंगमध्ये असते, फोन उचलत नाही, बाळ रडत असतं आणि समोर तीन सारखे डबे असतात. अशा वेळी अंदाजानं उघडलेला डबा बाळाला जुलाबापर्यंत नेऊ शकतो.

म्हणून कागदी चिकटपट्टी आणि पेन फ्रीजवरच ठेवा. भाजीचं नाव, केल्याची तारीख आणि "या तारखेपर्यंत" एवढं मराठीत, ठळक अक्षरात लिहा. मावशींना वाचता येत नसेल तर दिवसाप्रमाणे झाकणाचा रंग ठरवा. आणि डब्यावर काहीच नसेल, तर त्या दुपारी गरम मऊ भात, वरण आणि तूप कालवून द्या. ते करायला वीस मिनिटं लागतात.