तोनालाचा बाजार



मेक्सिकोवर बोला, असे चालकांनी सुचविले तेव्हा आम्ही कचरलो. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्यांच्या फाटकांवर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. मेक्सिकोविषयी अधिकाराने बोलावे ते डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी. वर्ध्याच्या या क्रांतिकारकाने चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकविले, मक्यावर संशोधन केले, आणि दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसविले. आम्ही गेलो ते पुतण्याकडे पाहुणे म्हणून, २०२४ च्या फेब्रुवारीत, तीन आठवडे. भांडवल एवढेच.

पुतण्या ग्वादालाहारा शहरी संगणकाच्या नोकरीत आहे. शनिवारी कोणाच्या तरी घरी आपली मंडळी जमतात, पोहे होतात, तूरडाळ कोठे मिळाली याची चौकशी होते. आणि हटकून एक वाक्य कानी पडते : “काका, इथं सगळं स्वस्त आहे.” टॅक्सी स्वस्त, भाजी स्वस्त, घरकामाची बाई स्वस्त. स्वस्त हा शब्द ऐकला की ते कोणाच्या पगारातून निघाले, हे विचारण्याची आम्हांला खोड आहे. पण सूनबाईंच्या हातचे पोहे खात असता ती आवरावी लागते.

एका रविवारी पुतण्याने आम्हांला तोनालाला नेले. शहराला लागूनच हे कुंभारांचे जुने गाव आहे. गुरुवारी आणि रविवारी तेथे रस्त्यावर बाजार भरतो. अशा बाजाराला तेथे ‘तियांगिस’ म्हणतात; शब्द स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचा, नाहुआत्ल भाषेतला. कापडी छपरांच्या रांगा, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. आपला आठवडी बाजारच! मिरच्यांचे ढीग पाहून तर घरी आल्यासारखे वाटले. आणि वाटावेच, कारण मिरची त्यांच्याकडूनच आपल्याकडे आली. टमाटा हा शब्दही त्यांचाच. गिऱ्हाईक विकणाऱ्याला ‘मार्चान्ते’ म्हणते, विकणाराही गिऱ्हाइकाला तेच म्हणतो. हे आम्हांला फार आवडले.

एका बाईपुढे दालचिनीच्या रंगाच्या सुरया मांडल्या होत्या. मातीला झिलई नव्हती, घोटून आणलेली तकाकी होती. हे आम्ही मुद्दाम पाहिले, कारण तिकडे भांड्यांच्या चकचकीत झिलईत पूर्वापार शिसे घालीत आले आहेत, आणि ते आधी कुंभाराच्याच पोराबाळांच्या अंगात जाते. या सुरईतल्या पाण्याला मातीचा वास येतो, माठातल्यासारखा. किंमत तीनशे पेसो. आम्ही दोनशे म्हटले. का म्हटले? सवय! ती दोनशे ऐंशीवर आली, आम्ही उठून दोन पावले चाललो, तिने हाक मारली, दोनशेवीसला सौदा तुटला. तीस वर्षे मालकांसमोर बसून मिळविलेली सारी विद्या आम्ही त्या बाईवर चालविली.

काका काय करतात, असे तिने पुतण्याला विचारले. ‘सिंदिकातो’, त्याने सांगितले, म्हणजे युनियन. बाई हसली व काही बोलली. पुतण्या भाषांतर करीना. खोदून विचारले तेव्हा म्हणाला, “काका, ती म्हणते, मग हा चार्रो असणार.”

या शब्दाची कथा आम्हांला ठाऊक होती, म्हणून तो जास्तच लागला. १९१७ च्या राज्यघटनेतच आठ तासांचा दिवस आणि संपाचा हक्क लिहिणारा हा देश. तेथे १९४८ साली सरकारच्या बळावर रेल्वे कामगारांच्या संघटनेवर एक पुढारी बसला. त्याला घोडेस्वाराच्या, म्हणजे ‘चार्रो’च्या, नक्षीदार पोशाखाची हौस होती. तेव्हापासून मालकाच्या खिशातल्या पुढाऱ्याचे तेच नाव पडले. असे पुढारी कामगारांना न विचारता करारांवर सह्या करीत. करारावर कामगारांचे गुप्त मतदान हवे, असा कायदा व्हायला २०१९ साल उजाडले. बाईचा भाऊ कारखान्यात होता. वर्गणी कापली जाई, पुढारी कधी दिसला नाही.

आम्ही मनात हिशेब केला. त्या वर्षी तेथील किमान मजुरी दिवसाला २४८ पेसो ९३ सेंताव्हो होती. आम्ही वाचविलेले ऐंशी पेसो म्हणजे दिवसाच्या मजुरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. खिशातून ते काढून पुढे केले. तिने हात मागे घेतला. भाव ठरला तो ठरला, असे म्हणाली. वर एक इवलेसे मातीचे भांडे कागदात गुंडाळून पिशवीत टाकले. त्याला ‘पिलोन’ म्हणतात. आपल्याकडे भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर घालते, तसे.

परतताना मोठ्या दुकानात थांबलो. तेथे छापील किमतीला आम्ही दोघेही चकार शब्द बोललो नाही.

ती सुरई आता युनियनच्या कचेरीत असते. पाणी पिताना कोणी ना कोणी विचारतोच, केवढ्याला मिळाली? आम्ही तीनशे पेसो सांगतो.