ख्रिस्तपुराण आणि त्याचा काळ

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



इतिहास चाळतांना कांहीं वस्तु अशा आढळतात कीं, त्या चुकून भलत्याच शतकांत येऊन पडल्या असाव्या असें वाटतें. आज आपण मिस्सा मराठींत ऐकतों. परंतु आपल्यांतील वृद्धांस लॅटिन मिस्सा अजून आठवते, आणि देशभाषेस वेदीपाशीं स्थान मिळालें तें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२–६५) निर्णयांनंतर. असें असतां, १६१६ सालीं एका इंग्रज पाद्र्यानें सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांत जगदुत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा गाऊन छापविली, हें प्रथम ऐकणारास खरें वाटत नाहीं.

फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ते ऑक्टोबरांत गोव्यास पोहोंचले. ईस्ट इंडिया कंपनीस सनद मिळण्यास तेव्हां एकवीस वर्षें अवकाश होता. स्वदेशीं कॅथोलिक धर्मगुरूंस देहांत शिक्षा होत असे. १५८१ त एडमंड कॅम्पियन लंडनांत हुतात्मा झाले. मायदेशीं ज्यांस उघडपणें मिस्सा म्हणतां आली नसती, त्या या पुरुषानें आयुष्याचीं चाळीस वर्षें गोव्यांत, त्यांतूनही बहुतेक साष्टींत घालविलीं आणि १६१९ त तेथेंच देह ठेविला.

त्यांचा ग्रंथ उघडावा, तों स्वर्गास वैकुंठ म्हटलेलें दिसतें. ग्रंथाचे भाग दोन, पहिलें पुराण व दुसरें पुराण. आणि छंद ज्ञानदेव–एकनाथांचा. नाथांस समाधि घेऊन तेव्हां पुरतीं वीस वर्षेंही झालीं नव्हतीं, व तुकोबा बालवयांत होते. मराठीची थोरवी सांगतांना हा परदेशी कवि तिला फुलांतील मोगरीची उपमा देतो. अनेक स्वकीयांस तिचा अभिमान वाटण्यापूर्वीं तो एका इंग्रजास वाटला, याचें मला कौतुक वाटतें, आणि थोडी लाजही.

मात्र हा ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपींत. १६०८ सालीं स्टीफन्सांनीं रोमास आपल्या संघप्रमुखांकडे लिहून कळविलें होतें कीं, या देशाच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें निघावीं अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे. पण युरोपांत चोवीस साचे पुरतात, तेथें येथें सहाशें लागतील, म्हणून तें काम अशक्यप्राय समजलें जातें. जोडाक्षरांचें हें दुखणें छापखानेवाल्यांस पुढेंही फार काळ पुरलें.

आतां एक अप्रिय गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ग्रंथाच्या आरंभीं एक ब्राह्मण पाद्रींस विनवितो कीं, आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं द्यावें. ही विनंति रिकाम्या घरांतून आलेली आहे. साष्टींतील देवळें १५६७ त पाडलीं गेलीं होतीं, जुन्या पोथ्यांस बंदी होती. पुराणाचा गौरव करावा आणि हें मुकाट्यानें गाळावें, हें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. स्टीफन्सांनीं त्या माणसाची गरज ओळखली, ही त्यांची थोरवी. ती गरज निर्माण करणाऱ्या सत्तेच्याच छायेंत ते राहत होते, हेंही तितकेंच खरें.

मग हा ग्रंथ खरोखरच काळाशीं विसंगत होता काय? मला तसें वाटत नाहीं. हेन्रीक हेन्रीकिश यांचें तामिळ पुस्तक तामिळ अक्षरांतच १५७८ त कोल्लमला छापलें गेलें होतें. रॉबर्ट दी नोबिली १६०६ पासून मदुरेस संन्याशाच्या वेषांत राहून संस्कृत व तामिळ शिकत होते. त्या पिढींत असे पुरुष निघत होते. तुटलें तें पुढें. १६८४ त गोव्याच्या व्हाइसरॉयानें फर्मान काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. मधला हा खंड आपण विसरलों, म्हणून मागील टोंक आपणांस अधांतरीं लटकल्यासारखें दिसतें.

ग्रंथ तीनदां छापला गेला: १६१६, १६४९ व १६५४. त्यांपैकीं एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाहीं. तो वांचला हस्तलिखितांत, विशेषतः मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत, जेथें तो घरोघर गाइला जाई. त्या प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ त तो मंगळूरला पुन्हां छापिला, पण रोमन लिपींतच. देवनागरींत संपूर्ण पुराण छापून निघालें तें पुण्यास १९५६ सालीं, शांताराम बंडेलू यांच्या हस्तें. म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर तीनशें चाळीस वर्षांनीं.

साचे आले, लिपि आली. आतां अडचण वाचकांची आहे. आपलीं मुलें इंग्रजी शाळांत जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु प्रार्थनेच्या पुस्तकांतील मराठी ओळ त्यांपैकीं कित्येकांस अडखळत वाचावी लागते, आणि घरांत त्यांना थांबून समजावून सांगणारें कोणी नसतें. व्हाइसरॉयाच्या फर्मानानें जें पुरतें साधलें नाहीं, तें आपण कोणाच्याही हुकमावांचून करीत आहों.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी विनंति आहे कीं, येत्या उपवासकाळापासून दर शुक्रवारीं, क्रूसाची वाट झाल्यावर, पुराणांतील पंचवीस ओव्या मंदिरांत वाचाव्या. वाचणारीं मुलें असावींत, आणि अर्थ सांगणारीं वडील माणसें. आज सायंकाळीं मंडपांत काना गांवच्या लग्नाचा भाग आपलें गायकमंडळ म्हणणार आहे. ज्यांस शब्द अडेल त्यांनीं मध्येंच हात वर करावा. गाणारे थांबतील, असें त्यांनीं मला कबूल केलें आहे.