परिचारिकेची उमेदवारी



'उमेदवार' हा शब्द कानांवर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हात जोडून मते मागणारा गृहस्थ उभा राहतो. कारखान्यातून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला मात्र दुसराच उमेदवार दिसतो. मिस्त्रीच्या पाठीशी उभा राहून लेथवर हात कसा चालतो ते टक लावून पाहणारा अठरा वर्षांचा पोरगा. निवडणुकीतल्या उमेदवाराला काम येत नसले तरी जागा मिळू शकते; कारखान्यातल्या उमेदवाराला काम आले तरी जागा मिळेलच असा नेम नसतो. आज मला या दुसऱ्या उमेदवाराविषयी बोलावयाचे आहे, आणि तेही कारखान्यातल्या नव्हे, रुग्णालयातल्या. काम करता करता, घरात चूल पेटती ठेवून, एखादी बाई परिचारिका होऊ शकते काय? आणि ती तशी व्हावी काय? हा माझा प्रश्न आहे.

मी विद्वान नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली, टर्नरची उमेदवारी केली, आणि पुढचे शिक्षण नगरवाचनालयातल्या पुस्तकांवर व कामगारांच्या सभांतून झाले. गेली अनेक वर्षे रुग्णालयांतील कामगारांची संघटना बांधण्याचे काम मी करीत आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे मी डॉक्टरांच्या खुर्चीतून पाहत नाही. ज्यांना आपण 'मावशी' आणि 'मामा' म्हणतो, जे रात्री दोन वाजता रुग्णाची कूस बदलतात, त्यांच्या बाजूला उभा राहून मी पाहतो.

आपल्याकडील परिचारिकेच्या शिक्षणाचा साचा इंग्लंडातून आला. उमेदवारीचा प्रयोग तेथे एकदा झाला, मोडला, आणि आता पुन्हा सुरू झाला आहे. दुसऱ्याने पैसे खर्चून घेतलेला अनुभव आपल्याला फुकट मिळत असेल तर तो घ्यावा. म्हणून प्रथम तिकडे जाऊ.

क्रिमियाचे युद्ध चालू असतानाच लोकांनी वर्गणी काढून एक निधी उभारावयास सुरुवात केली. त्या निधीतून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. पहिल्या तुकडीत १५ जणी होत्या. राहणे, जेवण, गणवेश शाळेकडून, आणि वर्षाला १० पौंड हाती. एक वर्ष वॉर्डात काम करीत शिकावयाचे, आणि पुढे काही वर्षे सांगितलेल्या रुग्णालयात नोकरी करावयाची. आजच्या भाषेत हा बाँडच. परंतु त्या काळी ही मोठी झेप होती. ज्या कामाकडे लोक हलक्या मोलकरणीचे काम म्हणून पाहत, ते काम शिकण्याचा आणि शिकविण्याचा धंदा झाले. आणि बापाच्या खिशात फी नसली तरी मुलीला त्या धंद्यात शिरता येऊ लागले.

मात्र या झाडाला पुढे दुसरेही फळ धरले. शाळा काढली की दर वर्षी नवे, तरुण, आज्ञाधारक आणि स्वस्त हात मिळतात, हे रुग्णालयांच्या ध्यानात आले. शिकाऊ मुलीला पाळी पूर्ण लागते, पगार पूर्ण लागत नाही. वॉर्डात माणसे कमी पडली की प्रथम काय रद्द होते? तिचा तास. जी व्याख्यानाला बसावयाची ती भांडी उकळीत बसते. १९४७ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या एका समितीने स्पष्ट सांगितले की, शिकणाऱ्या मुलीला विद्यार्थिनी म्हणून वागवा, नोकर म्हणून नव्हे. शिफारस शहाणपणाची होती. पण ती मानली तर या मुलींच्या जागी पगारी माणसे नेमावी लागणार होती. म्हणून ती बाजूला राहिली. तसा बदल व्हावयास चाळीस वर्षे गेली. १९८९ पासून तेथे परिचारिकेचे शिक्षण महाविद्यालयाकडे जाऊ लागले. विद्यार्थिनीला पाळीच्या गणतीत धरावयाचे नाही, हे तत्त्व आले. आणि २०१३ पासून इंग्लंडात नव्याने शिकू लागणाऱ्याला पदवी आवश्यक झाली.

शोषण संपले, हे चांगले झाले. परंतु एक दार उघडताना दुसरे लागले. अठराव्या वर्षी महाविद्यालयात जाणे जिला जमले नाही, जी तिशी-पस्तिशीत वॉर्डात सहाय्यक म्हणून राबते आहे, जिच्या घरी दोन मुले आहेत, तिने तीन वर्षे पगार सोडून कसे शिकावे? त्यात २०१७ साली इंग्लंडात नव्या विद्यार्थ्यांचे सरकारी विद्यावेतन बंद झाले आणि वर्षाला ९,२५० पौंडांपर्यंतची फी कर्ज काढून भरण्याची पाळी आली. पुढे २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले.

त्याच २०१७ साली उमेदवारी नव्या रूपाने परतली. वर्षाला ३० लाख पौंडांहून अधिक पगारवाटप करणाऱ्या मालकांवर सरकारने पगाराच्या अर्धा टक्का पट्टी बसविली. रुग्णालये ती भरू लागली, आणि त्या पैशातून आपल्याच कामगारांच्या शिक्षणाची फी देऊ लागली. सहाय्यक म्हणून काम करणारी बाई नोकरीत राहते, पगार घेते, विद्यापीठात जाते, आणि साधारण चार वर्षांत पदवी घेऊन परिचारिका होते. ज्यांना एकदम इतकी उडी झेपत नाही त्यांच्यासाठी मधली, दोन वर्षांची पायरी आहे. तिची नोंद तेथील परिचर्या परिषदेत २०१९ पासून होते, आणि त्या पायरीवरून वरची पायरी चढता येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी आराखड्यात असे लिहिले होते की, प्रौढ रुग्णांच्या परिचारिकांपैकी ९ टक्के या वाटेने येतात. २०३१-३२ पर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांवर न्यावयाचे.

येथे कोणी विचारील, ही पदवी जरा हलकी असते काय? नाही. महाविद्यालयातून येणारी असो की उमेदवारीतून येणारी, २,३०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे आणि तितकेच अभ्यासाचे, हे माप दोघींना एकच. नोंदवहीही एकच.

पण आता ऐका खरी अडचण. संघटनेच्या माणसाने कोणत्याही योजनेत प्रथम शोधावयाची ती हीच गोष्ट. बाई विद्यापीठात गेली, तर त्या दिवशी वॉर्डात तिच्या जागी कोण? त्या बदलीच्या माणसाचा पगार या पट्टीच्या पैशातून देता येत नाही. फी तेवढी देता येते. मग रुग्णालये हात आखडू लागली. २०१८ साली ब्रिटिश संसदेच्या शिक्षण समितीने या अडचणीवर बोट ठेविले. २०२० साली सरकारला १७ कोटी २० लाख पौंड वेगळे काढावे लागले, आणि दर उमेदवारामागे वर्षाला ८,३०० पौंड रुग्णालयाला देऊ करावे लागले. म्हणजे दीडशे वर्षांनी गाडी पुन्हा त्याच स्थानकावर आली: शिकण्याच्या तासांचे मोल कोणी द्यावयाचे? मालकाने व सरकारने दिले तर उमेदवारी ही शिडी होते. ते शिकणाऱ्याच्या अंगावर टाकले तर तीच वेठ होते. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकीचे त्याचे स्पष्टीकरण.

आता आपल्या घरी या. काम आणि शिक्षण यांची सांगड आपल्याला नवी नाही. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा घातला, त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या पुढाकाराने १९०९ साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले, ससून रुग्णालयात पाठविले. परक्या पुरुषाला औषधपाणी करणारी बाई म्हणजे लोकांच्या जिभेला खाद्य, असा तो काळ. ज्या स्त्रीला समाजाने कोपऱ्यात बसविले होते तिला त्या शिक्षणाने स्वतःच्या पायांवर उभे केले. १९४६ साली भोर समितीने मोजणी केली तेव्हा साऱ्या देशात परिचारिका सुमारे ७,००० होत्या. ४३,००० माणसांमागे एक. तेव्हापासून आपण फार पुढे आलो, पुष्कळ शाळा-महाविद्यालये निघाली. पण वॉर्डातल्या मावशीपासून परिचारिकेपर्यंत जाणारी शिडी मात्र आपण बांधली नाही.

तीन वर्षांच्या परिचर्या पदविकेला बारावी उत्तीर्ण हवी, वयाची अट आहे, आणि शिक्षण पूर्ण वेळ. ज्या आधीच सहाय्यक परिचारिका आहेत त्यांना पदविकेकडे, आणि पदविका असलेल्यांना पुढे पदवीकडे वाट आहे. पहिली पायरी मात्र जमिनीपासून पुरुषभर उंच. माझ्या माहितीतल्या एका मावशींनी एका खाजगी रुग्णालयात बावीस वर्षे काढली. लघवीच्या पिशवीचा रंग पाहून 'सिस्टर, याचे काही बरे दिसत नाही' असे त्या सांगत, आणि सिस्टर धावत येत. त्यांनी कामाचा दाखला मागितला, तेव्हा कागदावर लिहून आले: 'सफाई व इतर'. बावीस वर्षांची विद्या त्या 'इतर' या तीन अक्षरांत बसविली गेली.

यावर काही मंडळी सोपा उपाय सुचवितात: अनुभव आहे ना, मग द्या इंजेक्शन हातात. काही छोट्या रुग्णालयांत हे चोरून चालतेही. याला माझा सक्त विरोध आहे. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांची नोंद त्यात तपासली होती. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की महिन्याभरात रुग्ण दगावण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की तो ७ टक्क्यांनी घटलेला आढळला. तेव्हा शिक्षणाला बगल देऊन चालणार नाही. मावशीला परिचारिका 'म्हणावयाचे' नाही. तिला परिचारिका 'होऊ द्यावयाचे' आहे.

मग आपल्या देशात उमेदवारीचा कायदा नाही काय? आहे, १९६१ सालचा. पण त्याचे अठरावे कलम सांगते की उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. इंग्लंडात उमेदवारीचा करार हा नोकरीचाच करार मानला जातो. या एका फरकात सारे आले. म्हणून कोणी उद्या उठून 'परिचर्येत उमेदवारी आणू' म्हणाला, तर टाळी वाजविण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी विचारा.

पहिली: शिकत असताना तिची नोकरी आणि पगार शाबूत राहणार काय? दुसरी: शिकण्याचे तास पाळीच्या गणतीतून वगळणार काय, आणि तिच्या जागी बदली माणूस नेमणार काय? तिसरी: शेवटी मिळणारा कागद इतरांच्या कागदाच्या तोडीचा असेल काय? या तिसऱ्या प्रश्नाला इतिहास आहे. ब्रिटनने १९४३ साली दोन वर्षांच्या शिक्षणाची एक खालची श्रेणी काढली. महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून आलेल्या पुष्कळ मुलींना, पूर्ण श्रेणीची लायकी असतानाही, त्या खालच्या श्रेणीत ढकलले गेले. त्या श्रेणीला बढती जवळजवळ नव्हती, आणि अनेकींच्या मायदेशी त्या कागदाला किंमत नव्हती. वरचे टोक भिंतीला लागलेली शिडी ही शिडी नव्हे, फळकूट आहे.

मालकमंडळी म्हणतील, 'आम्ही पैसे घालून शिकवावे, आणि तिने उद्या आखातात निघून जावे?' प्रश्न रास्त आहे. पण मूळ प्रमाणपत्रे कपाटात कोंडून ठेवणे हे त्याचे उत्तर नव्हे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितले होते की, पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातसुद्धा परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. ती शिफारस अनेक ठिकाणी कागदावरच राहिली. जेथे पगार माणसासारखा आहे तेथून माणसे सहसा पळत नाहीत. आणि जिचे घर, मुले, सासू-सासरे याच गावात आहेत, ती मावशी शिकली तर याच गावात राहण्याचा संभव अधिक. तिच्यावर खर्चिलेला रुपया गावातच फिरतो.

सभागृहात बसलेल्यांपैकी कोणी रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर असतील, कोणी नगरपालिकेत असतील, आणि रुग्ण तर आपण सर्वच कधी ना कधी होणार आहोत. कायदा बदलावयास वेळ लागेल. त्यासाठी आम्ही भांडत राहू. पण एका रुग्णालयाने दर वर्षी आपल्या दोन मावशींना रात्रशाळेतून बारावी करण्यास मदत करावी, आणि पगार चालू ठेवून त्यांना परिचर्येच्या शाळेत पाठवावे, यास कोणत्या कायद्याची आडकाठी आहे? विश्वस्तांच्या पुढच्या सभेत हिशेब वाचून झाला की उभे राहा आणि एवढेच विचारा: गेल्या दहा वर्षांत आपल्या वॉर्डातल्या किती जणी शिकून परिचारिका झाल्या? उत्तर शून्य आले, तर ते इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलेले शून्य पुढच्या वर्षी पुन्हा वाचावे लागते, आणि पुन्हा पुन्हा वाचावयाची लाज वाटू लागली की कामाला सुरुवात होते, असा माझा संघटनेतला अनुभव आहे.