छायाचित्रकार आणि त्याचें हत्यार

भंडारा जिल्ह्यांत दिघोरी नांवाचें एक गांव आहे. भोंवतालचा मुलूख धानाचा. पावसाच्या आरंभीं तेथें पऱ्हे टाकतात, म्हणजे भाताचीं रोपें तयार करतात. पुढें चिखल केलेल्या बांध्यांतून बायकांच्या रांगा ओणव्या होऊन रोवणी करतात. आणि दिवाळीच्या सुमारास कापलेल्या धानाचीं पुंजणीं शेतोशेतीं उभीं राहतात. अशा गांवांतील एका घरीं घडलेली म्हणून एक साधी गोष्ट कल्पावी. नागपुरास शिकणारा मुलगा सुटींत घरीं आला आहे. त्याच्याजवळ कॅमेरा आहे; मागल्या सालच्या धानाच्या पैशांतून वडिलांनींच तो घेऊन दिलेला. मुलगा म्हणतो, “बाबा, या कॅमेऱ्यानें आतां जमत नाहीं. नवें भिंग पाहिजे.” किंमत ऐकून बाप क्षणभर गप्प बसतो. मग विळ्याला धार लावतां लावतां तो एवढेंच विचारतो, “काय जमत नाहीं, तें तर सांग, बाबू.”

मुलाजवळ या प्रश्नाचें उत्तर नसतें. त्यानें जाहिराती वाचलेल्या असतात, कोणत्या भिंगाला काय पडतें हें त्याला तोंडपाठ असतें. परंतु आपलें कोणतें चित्र कोणत्या उणिवेमुळें फसलें, याचा विचार त्यानें केलेला नसतो. बापाला कॅमेऱ्यांतलें कांहीं कळत नाहीं, पण हत्यार म्हणजे काय तें चांगलें कळतें. धान नीट कापलें जात नसेल, तर धार गेली, कीं मूठ सैल झाली, कीं कापणाऱ्याचा हात चुकतो, हें तो आधीं पाहतो. या तिहींपैकीं कांहींच नसेल, तेव्हांच तो नव्या विळ्यासाठीं बाजाराची वाट धरतो. आजच्या भाषणाचा सारा विषय त्या बापाच्या प्रश्नांत सांठविलेला आहे.

कॅमेरा लाखाचा असो वा खिशांतल्या मोबाईलमधला असो, मुळांत ती एक अंधारी पेटी आहे. तिच्यांत उजेड किती शिरूं द्यावा, किती वेळ शिरूं द्यावा, आणि भिंगाचा रोख किती अंतरावर धरावा, या तीन गोष्टींवर तिचा कारभार चालतो. भिंगांतील छिद्र मोठें केलें तर उजेड अधिक येतो, पण स्पष्टपणाची खोली कमी होते. जवळचा चेहरा रेखीव आणि मागची भिंत पुसट, असें चित्र त्यांतूनच निघतें. शटर अधिक वेळ उघडें ठेवलें तर संधिप्रकाशांतहि चित्र उमटतें, पण हलणारा हात धूसर होतो. मोबाईलमध्यें छिद्र बहुधा ठराविक मापाचें असतें आणि बाकीचा हिशेब तें यंत्र आपणच करून टाकतें, एवढाच फरक. महाग यंत्र या बाबतींत अधिक सवड देतें, आणि ती सवड पुष्कळदां उपयोगी पडते, हें कबूल केलें पाहिजे. परंतु कोठें उभें राहावें, कोणत्या क्षणाची वाट पाहावी, चौकटींत काय ठेवावें आणि काय गाळावें, हें ठरविणारा भाग कोणत्याहि किंमतीच्या पेटींत बसविलेला नसतो.

दादासाहेब फाळके यांचें चरित्र या दृष्टीनें वाचण्याजोगें आहे. “राजा हरिश्चंद्र” या चित्रपटाचे कर्ते म्हणून त्यांचें नांव घरोघर माहीत आहे. परंतु कॅमेरा खरेदी करण्यासाठीं १९१२ सालच्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले, तेव्हां त्यांचें बेचाळिसावें वर्ष चालू होतें, ही गोष्ट सहसा लक्षांत घेतली जात नाहीं. त्यापूर्वींचीं वीसपंचवीस वर्षें डोळ्याची तयारी करण्यांत गेलीं होतीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते चित्रकला शिकले, बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकले. गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रांचा धंदा केला, पुराणवस्तु खात्यांत नोकरी केली, आणि पुढें ठसे व छपाई यांच्या व्यवसायांत हात घातला. मग मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट त्यांच्या पाहण्यांत आला, आणि या पडद्यावर राम आणि कृष्णहि दिसले पाहिजेत, या एका विचारानें त्यांना पछाडलें.

तरीहि त्यांनीं लगेच मोठें यंत्र मागविलें नाहीं. त्यांनीं चित्रपटगृहांचे उंबरे झिजविले, फिल्मचीं लहान भेंडोळीं आणून मेणबत्ती आणि भिंग यांच्या साहाय्यानें घरच्या भिंतीवर चित्रें पाडून पाहिलीं. डोळ्यांवर इतका ताण पडला कीं दृष्टि जाते कीं काय अशी पाळी आली. इतकें झाल्यावर, आपणास नेमकें काय हवें याची खातरी पटल्यावर, त्यांनीं आयुर्विमा तारण ठेवून कर्ज काढलें आणि बोट गांठली. लंडनजवळ सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत काम कसें चालतें तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें; विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र घेतलें; कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली; आणि एप्रिलच्या आरंभीं ते स्वदेशीं परतले. कर्जाचा पैसा हातांत असतांना हौसेची खरेदी त्यांना करतां आली नसती असें नाहीं. पण काय करावयाचें तें आधीं ठरलें होतें, म्हणून काय घ्यावयाचें तेंहि ठरलेलें होतें.

कॅमेरा हातीं आल्यावर फाळक्यांनीं पहिल्या प्रथम काय टिपलें? राजवाडा नव्हे, युद्ध नव्हे. एका कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यासमोर यंत्र एका जागीं स्थिर ठेवलें, आणि अंकुर वाढत असतां ठराविक अंतरानें एक एक चित्र घेतलें. त्या काळीं मूकपट सेकंदाला साधारण सोळा चित्रें या वेगानें दाखवीत. म्हणजे पडद्यावरील एका मिनिटासाठीं ९६० चित्रें लागणार. दिवसांमागून दिवस त्याच कुंडीकडे तितक्याच काळजीनें पाहत राहावयाचें, यंत्र तसूभर हलूं द्यावयाचें नाहीं, आणि निरनिराळ्या दिवशींच्या उजेडाचा मेळ राखावयाचा, ही परीक्षा यंत्राची थोडी आणि माणसाची फार होती. दाणा फुटून वेल वर चढते हें दृश्य पाहिल्यावरच कांहीं स्नेह्यांनीं त्यांना भांडवलाची मदत केली. शंभर शब्दांच्या व्याख्यानानें जें झालें नसतें, तें एका वाटाण्यानें झालें.

पुढची हकीकत याहूनहि बोधप्रद आहे. “राजा हरिश्चंद्र” चित्रित होत असतां कॅमेरा फाळक्यांच्या हातीं नव्हता. त्यांचे स्नेही त्र्यंबक तेलंग यांना त्यांनीं तो चालवावयास शिकविलें होतें. कच्ची फिल्म भोंकें न पाडलेली येई. ती अंधारांत भोंकें पाडून तयार करण्याचें कष्टाचें काम सरस्वतीबाई फाळके करीत. घरचे दागिनेहि या कामीं लागले. ३ मे १९१३ या दिवशीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत तो चित्रपट लोकांसमोर आला. यंत्राची मूठ फिरविणें ही शिकवितां येण्याजोगी विद्या आहे, म्हणून ती दुसऱ्यास शिकवितां आली. काय दाखवावयाचें, ही दृष्टि मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागली.

यंत्र हें हत्यार आहे असें म्हणणें म्हणजे त्याची हेळसांड करणें नव्हे. उलट त्याची ओळख करून घेणें होय. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे आप्त आनंदराव हे नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारे कलावंत. रंगलेल्या पडद्यावर सकाळ कशी दिसते आणि संध्याकाळ कशी दिसते, हें त्यांच्या बोटांना ठाऊक होतें. चित्रपट काढण्याचें त्यांनीं मनावर घेतलें, पण कॅमेरा सहज मिळेना, तेव्हां तो घरींच बनविण्याचा उद्योग त्यांनीं आरंभिला. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरी बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें खटपट सोडली नाहीं, आणि १९१८ च्या सुमारास देशी हातांनीं घडविलेला कॅमेरा सिद्ध झाला. त्यांची “सैरंध्री” १९२० सालीं पुण्यास लागली. ज्यानें यंत्राचें प्रत्येक चाक स्वतः बसविलें, त्याला त्या यंत्राचा धाकहि वाटत नाहीं आणि मोहहि पडत नाहीं. प्रत्येकानें कॅमेरा घडवावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु आपल्याजवळ आहे त्या यंत्राची सगळीं बटनें कशासाठीं आहेत, एवढें तरी वर्षभरांत माहीत करून घेणें कोणासहि अवघड नाहीं.

परदेशचें उदाहरण पाहावयाचें तर फ्रान्समधील आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचें आहे. लायका नांवाचा लहानसा कॅमेरा आणि बहुतेक करून पन्नास मिलिमीटरचें एकच भिंग, एवढ्यावर या गृहस्थांनीं जन्म काढला. १९४८ सालच्या ३० जानेवारीस ते दिल्लींत होते. गांधीजींच्या हत्येपूर्वीं कांहीं काळ त्यांनीं गांधीजींची भेट घेतली होती. त्या रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकाशीं पंडित नेहरू लोकांना ती दुःखाची वार्ता सांगत असतां त्यांनीं घेतलेलें चित्र प्रसिद्ध आहे. अपुऱ्या उजेडामुळें तें रेखीव नाहीं. परंतु पाहणाऱ्याला त्या अस्पष्टपणाची तक्रार करावी असें वाटत नाहीं, कारण त्या रात्रीचा हलकल्लोळच त्यांत उतरला आहे. एकाच भिंगाची वर्षानुवर्षें सवय असल्यामुळें चौकटींत काय मावेल हें त्यांना डोळ्याला यंत्र लावण्यापूर्वींच समजे. आणि म्हणून सगळें लक्ष समोरच्या माणसांकडे देतां येई.

यावर कोणी म्हणेल, मग नवीन सामान कधीं घ्यावयाचेंच नाहीं काय? अवश्य घ्यावें. दूरच्या तळ्यांतील पक्षी टिपणाऱ्याला लांब पल्ल्याचें भिंग लागतेंच. तें नसेल तर त्याचा पक्षी चित्रांत ठिपकाच राहणार. फाळक्यांनींहि कर्ज काढून यंत्र आणलें. प्रश्न क्रमाचा आहे. आधीं चित्राची ओढ, मग तें काढण्याचे पुनःपुन्हा प्रयत्न, मग नेमका अडसर कोणता याची ओळख, आणि त्यानंतर खरेदी. हा क्रम सांभाळला तर प्रत्येक पैसा विद्येंत जमा होतो. क्रम उलटा झाला तर कपाट भरतें, आणि घरच्या माणसांच्या मनांत मात्र पोकळ खर्चाची बोच राहते. शहरांतील सुशिक्षित घरांना हा अनुभव नवा नाहीं. पेटी, तबला, रंगांचे डबे, आणि आतां कॅमेरे, कितीतरी वस्तु मुलांच्या हौसेच्या पहिल्या भरांत येतात आणि दुसऱ्या वर्षीं माळ्यावर चढतात.

आतां पुन्हा दिघोरीच्या त्या घरीं जावें. बापाच्या प्रश्नानें मुलगा थोडा रुसला, पण तो प्रश्न कांहीं त्याच्या मनांतून जाईना. त्यानें ठरविलें कीं पुढील पावसाळ्यापासून आपल्याच शेताची एक बांधी निवडावयाची, आणि जेव्हां जेव्हां घरीं येणें होईल तेव्हां एकाच धुऱ्यावर उभें राहून, आहे त्याच कॅमेऱ्यानें तिचीं चित्रें घ्यावयाचीं. पऱ्हे हिरवे झाले, रोवणी झाली, लोंब्या आल्या, कापणी झाली. चित्रांच्या खालीं तो वहींत तारीख, वेळ आणि उजेड टिपीत गेला, आणि काय फसलें तेंहि लिहीत गेला.

दिवाळीनंतर वही चाळतां त्याला दोन गोष्टी आढळल्या. रोवणीच्या सगळ्या चित्रांत बायकांच्या पाठीच दिसत होत्या, तोंडें दिसत नव्हतीं. तो कोरड्या धुऱ्यावर उभा राहून वरून चित्र घेत होता. हें व्यंग दूर करण्यास भिंग नको होतें, चिखलांत उतरून यंत्र गुडघ्याइतकें खालीं धरावयास हवें होतें. दुसरी गोष्ट निराळी होती. रात्रीं पुंजण्याजवळ राखणीला बसलेल्या आजोबांचें शेकोटीच्या उजेडांतलें चित्र त्यानें चार वेळां घेतलें. कॅमेरा लाकडाच्या ओंडक्यावर टेकविला, श्वास रोखला. तरी म्हाताऱ्याची मान जराशी हले आणि चेहरा पुसट होई. छिद्र याहून मोठें होत नव्हतें. येथें अडसर खरोखरच भिंगाचा होता.

तो वडिलांजवळ जाऊन बसला आणि वही उघडून म्हणाला, “बाबा, काय जमत नाहीं तें आतां सांगतां येतें.” बापानें तीं चारी पुसट चित्रें एकामागून एक हातांत घेऊन बराच वेळ पाहिलीं. त्यांत त्याचाच म्हातारा बाप होता. मग तीं परत देत तो म्हणाला, “आधीं रोवणीला चिखलांत उतर. भिंगाचें औंदाचें धान विकल्यावर पाहूं.”