गिरणीच्या दारातील गर्दी



मजुरीचा दर मागणी-पुरवठ्यावर ठरतो, असे आपण म्हणतो. पण कांदा चाळीत चार महिने राखता येतो. कामगाराचा आजचा रिकामा दिवस उद्या विकता येत नाही, आणि पोट तर आजच मागते. म्हणून मजुरीच्या बाजारात खरा प्रश्न, कोण अधिक दिवस थांबू शकतो, हा आहे असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या गिरण्यांच्या दारात रोज सकाळी बदली कामगार उभे राहत. आत कोणी गैरहजर असला तर त्यांना काम मिळे, तेही जॉबरची मर्जी असेल तर! ही गर्दी एक शब्द न बोलता आतल्यांची मजुरी खाली ओढी. तरीही १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत टिकला. कारण पुष्कळ संपकरी कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले. ज्या तुटपुंज्या शेतीने त्यांना मुंबईस धाडले होते, तिनेच त्यांना संपात दोन घास दिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार पुन्हा बाहेर पडले. थांबण्याची तयारी याही वेळी होती. पण ती गर्दी आता गिरणीच्या दारात नव्हती. ती भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर कापड विणीत होती, आणि गिरणीतल्या संघटनेचा शब्द तेथे चालत नव्हता.